परवान्याविना रक्षक होऊ पाहणारा भाऊ

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 26 वर्षांच्या आहेत आणि त्यांचा धाकटा भाऊ 17 वर्षांचा आहे. दोघांनाही जपानी ॲनिमेची आवड असून ‘माय हीरो अकॅडमिया: व्हिजिलांटीज’ ही मालिका ताईंनीच भावाला दाखवली. काही दिवसांनी भाऊ आणि त्याचे दोन मित्र संध्याकाळी ‘गस्त’ घालू लागले. सुरुवातीला कोणाची बंद पडलेली गाडी ढकल, कोणाची हरवलेली वस्तू शोधून दे, असे त्याचे निरुपद्रवी स्वरूप होते. पुढे त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचा कोणी माणूस पाठलाग करतो असे त्यांच्या कानावर आले. मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली होती, पण त्यातून काहीच निष्पन्न झाले नव्हते. मग या तिघांनी तो माणूस शोधला, रात्री त्याच्या मागावर राहिले आणि त्याचा चेहरा स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ एका निनावी खात्यावरून टाकला. तो भराभर पसरला. मालिकेतल्या मुख्य पात्राचा दाखला देत भावाचे म्हणणे असे की, ‘कोइचीकडे तरी कुठे परवाना होता?’ आईवडिलांना यातले काहीही ठाऊक नाही. ताई विचारतात: मालिका दाखवली हीच माझी चूक झाली का? ती पाहणे बंद करायला लावू का? आईवडिलांना सांगितले तर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडेल का? आणि यंत्रणा हलत नसताना तो चुकतो आहे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

सप्रेम नमस्कार.

उत्तर लांबणार आहे, पण एक काम ते वाचून होण्याची वाट पाहणारे नाही. तो व्हिडिओ आजच सार्वजनिक खात्यावरून उतरवायला सांगा. मूळ फाइल मात्र पुसू नका. ती कधी आणि कुठे चित्रित झाली, चित्रण करताना कोण कोण हजर होते, हे कागदावर लिहून त्या फाइलसोबत जपून ठेवा आणि पुढे कोणालाही पाठवू नका. त्या माणसाचा दोष खरा असेल तर ही नोंद तक्रारीला उपयोगी पडेल, आणि तो निर्दोष निघाला तर निदान त्याच्या चेहऱ्याची बदनामी आणखी लांब जाणार नाही. भाऊ हुज्जत घालेल. त्याला सांगा, बरोबर कोण आणि चूक कोण हे आपण नंतर सावकाश बोलू. व्हिडिओ उतरवल्याने तुझी बाजू हरत नाही.

आता मालिकेकडे वळू, कारण तुमचा भाऊ तिचा दाखला देतो आहे आणि दाखला दिला की तो तपासून पाहणे न्याय्यच आहे. मालिका बंद करावी असे मला मुळीच वाटत नाही. उलट त्याने ती अर्धवट लक्षात ठेवली आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. हिदेयुकी फुरुहाशी यांनी लिहिलेल्या आणि बेत्तेन कोर्ट यांनी चितारलेल्या मांगावर (जपानी चित्रकथेवर) आधारलेली ही ॲनिमे एप्रिल 2025 मध्ये सुरू झाली. कोहेई होरिकोशी यांच्या ‘माय हीरो अकॅडमिया’ या मूळ कथेतल्या जगाचा हा थोडा आधीचा काळ आहे. त्या जगात बहुतेक माणसांकडे ‘क्वर्क’ म्हणजे जन्मजात अलौकिक शक्ती असते, आणि ती सार्वजनिक ठिकाणी वापरायची तर परवाना लागतो; असा परवाना घेऊन लोकांचे रक्षण करणारे ते ‘नायक’. कोइची हाइमावारी हा महाविद्यालयीन तरुण. नायकांच्या शाळेची प्रवेशपरीक्षा त्याची हुकली, कारण परीक्षेला जाताना बुडणाऱ्या मुलीला वाचवण्यात त्याचा वेळ गेला. त्याची शक्तीही फारशी दिमाखदार नाही: हातपाय मिळून तीन ठिकाणी जमिनीला टेकलेले असले की तो घसरत वेगाने पुढे जातो. ऑल माइट या लोकप्रिय नायकाची हुडी घालून तो नारुहाता भागात फिरतो आणि रस्त्यावरचा कचरा उचलतो, वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो, हरवलेल्या वस्तू परत करतो.

इथे थोडे थांबून भावाला विचारावे, असा माझा आग्रह आहे: यातल्या कोणत्या कामाला परवाना लागतो? कचरा उचलायला लागत नाही. वाट दाखवायलाही लागत नाही. कायदा मोडतो तो शक्ती वापरून रस्त्यावरून घसरत जाण्याने, मदत करण्याने नव्हे. ‘कोइचीकडे परवाना नव्हता’ हे वाक्य म्हणूनच खरे असूनही तुमच्या भावाच्या उपयोगाचे नाही, कारण त्याच्या गस्तीचा जो भाग कोइचीसारखा होता त्यावर तुम्ही, मी किंवा कोणीही आक्षेप घेतलेला नाही. गाडी ढकलणाऱ्या मुलाला परवाना कोण मागतो? आक्षेप आहे तो माणसाच्या मागावर राहून त्याला दोषी ठरवण्यावर आणि व्हिडिओ टाकून शिक्षा देण्यावर. आणि ही कामे मालिकेत कोइची करत नाही, दुसरेच कोणी करतात.

त्यातला पहिला नकलडस्टर. याच्याकडे कोणतीही शक्ती नाही, आहेत त्या फक्त मुठी. ‘ट्रिगर’ नावाचे, शक्ती भडकवणारे द्रव्य घेतलेल्यांची जीभ काळी पडते, म्हणून संशयित दिसला की आधी ठोसा आणि मग जिभेची तपासणी, अशी त्याची पद्धत आहे. (तो इतका बेभान होऊन नेमके काय शोधतो आहे, हे पुढे उलगडते. ज्यांनी अजून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी ते इथे सांगत नाही. पण त्याच्या शोधामागे निव्वळ न्यायबुद्धी नाही एवढे मात्र सांगून ठेवतो.) दुसरा स्टेंडल. हा तलवार घेऊन फिरतो आणि गुन्हेगारांना ठार करतो, कारण त्यांना जगण्याचा हक्क नाही असा निवाडा त्याने स्वतःच करून टाकलेला असतो. मूळ कथेत स्टेन या नावाने नायकांचे खून पाडणारा जो माणूस भेटतो, तो हाच. कोइची, नकलडस्टर आणि स्टेंडल, तिघेही विनापरवाना. तरीही त्यांच्यातले अंतर मालिकेने जाणीवपूर्वक दाखवले आहे, आणि माझ्या मते या मालिकेचा खरा विषय हे अंतरच आहे. भावाला ‘तू बरोबर की चूक’ असे विचारण्यापेक्षा ‘त्या रात्री तू या तिघांपैकी कोण होतास?’ असे विचारा. प्रश्न त्याच्याच भाषेतला असल्याने तो उडवून लावणे त्याला जड जाईल. माझा अंदाज असा की तो आधी कोइचीचे नाव घेईल आणि थोड्या वेळाने स्वतःच दुरुस्ती करील.

काळ्या जिभेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या दृष्टीने सगळी मेख तिथे आहे. कथा रचणाऱ्याच्या हाती एक सोय असते: दोषी कोण हे तो प्रेक्षकाला दाखवू शकतो. जीभ काळी दिसली की शंका संपते, आणि ठोसा मारणाऱ्याचा आपल्याला राग येत नाही. तुमच्या भावाने ज्याचे चित्रण केले त्या माणसाची जीभ कोणी पाहिलेली नाही. पत्रातून एवढेच कळते की एका मुलीचा पाठलाग होत होता आणि या तिघांना एक माणूस सापडला. तो ‘तोच’ कशावरून? मुलीने स्वतः ओळखला का? वर्णन कोणी कोणाला सांगितले? वाईट वाटेल, पण हे प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. आणि गंमत अशी की काळ्या जिभेने खुद्द मालिकेतही सगळे प्रश्न सुटत नाहीत. ट्रिगरच्या अमलाखाली रस्त्यावर थैमान घालणारे कितीतरी लोक एरवी साधी माणसे असतात. द्रव्य त्यांच्यापर्यंत पोहोचवणारे वेगळेच कोणी असतात आणि ते दूर कुठेतरी सुरक्षित बसलेले असतात. ठोसा हाताशी सापडतो त्यालाच बसतो. निनावी व्हिडिओचेही बहुतेक वेळा तेच होते.

हे केवळ कथेतले उदाहरण आहे असे भावाला वाटू नये, म्हणून ज्या देशात ही कथा घडते तिथलीच वस्तुस्थिती सांगतो. जपानच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 213 नुसार गुन्हा करताना आढळलेल्या व्यक्तीला कोणीही माणूस वॉरंटशिवाय पकडू शकतो. म्हणजे सामान्य नागरिकाला हातच बांधून ठेवले आहे असे नाही. पण त्याला लागूनच असलेले कलम 214 सांगते की पकडलेल्या माणसाला तत्काळ पोलिसांच्या किंवा सरकारी वकिलांच्या स्वाधीन केले पाहिजे. अधिकार आहे तो डोळ्यांदेखत घडणाऱ्या गुन्ह्यापुरता आणि स्वाधीन करण्याच्या क्षणापर्यंतचा. चौकशी, निवाडा आणि शिक्षा त्यात बसत नाहीत. या अधिकाराचा आधार घेऊन लोकांना भर रस्त्यात अडवायचे आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे, अशी एक लाट तिथल्या यूट्यूबवर आली होती. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोत त्यांपैकी काहींना पोलिसांनीच अटक केली. एका प्रकरणात नाट्यगृहाजवळ दिसलेल्या तरुणीवर तिकिटांच्या काळ्याबाजाराचा ठपका ठेवणारा व्हिडिओ टाकला गेला होता आणि अटक झाली ती बदनामीच्या आरोपावरून. व्हिडिओ टाकणारा स्वतःला रक्षक समजत असणार. पण त्या तरुणीच्या बाजूने हा प्रसंग पाहण्याचा प्रयत्न तुमच्या भावाने एकदा करून पाहावा. तुम्ही राहता तिथल्या कायद्याचे तपशील वेगळे असतील. अल्पवयीन मुलाने टाकलेल्या व्हिडिओची जबाबदारी कोणावर येते, हे एखाद्या वकिलाला विचारून घेणे शहाणपणाचे ठरेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. तक्रार झाली आणि कोणी हलले नाही, ही वस्तुस्थिती आहे आणि तिच्याबद्दल भावाला आलेला राग रास्त आहे. तो राग चुकीचा ठरवायला तुम्ही गेलात तर पुढचे एकही वाक्य तो ऐकणार नाही. परवाना असलेला प्रत्येक जण सज्जन असतो असा दावाही करू नका. मालिकाच तो खोडून काढते. कॅप्टन सेलेब्रिटी हा अधिकृत नायक आहे, पण आपल्याला तो भेटतो तेव्हा लोकांच्या रक्षणापेक्षा प्रसिद्धीत रमलेला असतो. याउलट इरेझर हेड या नायकाकडेही परवाना आहे आणि तो कॅमेऱ्यापासून चार हात लांब राहतो. परवान्यामुळे माणूस चांगला होत नाही, पण त्याला जाब विचारणारे कोणीतरी निर्माण होते. चुकलास तर उत्तर दे, असे त्याला म्हणता येते. त्याचे नाव, त्याचा चेहरा, त्याचे वरिष्ठ ठाऊक असतात. तुमच्या भावाच्या निनावी खात्याला उद्या कोणी विचारायचे? यंत्रणा जबाब देत नाही, ही त्याची तक्रार आहे. आणि जे साधन त्याने निवडले तेही जबाब देत नाही. हा विरोधाभास त्याला दाखवा, पण विजयी सुरात दाखवू नका.

मूळ मालिकेतला होसू शहराचा प्रसंग त्याला आठवत असेल. मोठ्या भावाला जायबंदी करणाऱ्या स्टेनचा सूड घ्यायला नायकांच्या शाळेतला तेन्या ईदा एकटा निघतो आणि स्वतःच मरणाच्या दारात जातो. त्याचे वर्गमित्र मिदोरिया आणि तोदोरोकी धावून येतात म्हणून तो वाचतो. नंतर पोलीसप्रमुख रुग्णालयात येऊन या तिघा विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगतात की परवानगीवाचून शक्तीने माणसाला इजा करणे हा नियमभंग आहे आणि त्याची झळ त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मोठ्यांनाही बसू शकते. प्रकरण उघड केले तर कौतुक होईल पण शिक्षाही होईल, झाकले तर दोन्ही नाही. मुले कौतुकावर पाणी सोडतात, आणि मग तेच पोलीसप्रमुख वाकून त्यांचे आभार मानतात. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात धाडस नाकारलेले नाही आणि नियमही वाऱ्यावर सोडलेला नाही. शिवाय एक बारकावा आहे: जो रागाने गेला तो जवळजवळ मेला, आणि जे मित्राला वाचवायला गेले त्यांच्यामुळे तो वाचला. भावाशी बोलताना तुम्हाला याचा उपयोग होईल.

तुमच्या पत्रात एका व्यक्तीचा आवाज कुठेच नाही, आणि ती व्यक्ती म्हणजे ती मुलगी. तिला काय हवे आहे हे तिघांपैकी कोणी विचारले का? व्हिडिओ पसरल्यावर लोक त्या माणसाइतकीच तिच्याबद्दलही कुजबुज करू लागले असतील, ‘ती मुलगी कोण’ याचा शोध सुरू झाला असेल, आणि ज्याच्यावर आधी केवळ संशय होता त्याला आता तिच्यावर राग धरायला कारण मिळाले असेल. कोइचीच्या जातीची मदत इथे करता येते आणि तिला कोणताही परवाना लागत नाही. तिला एकटीने जावे लागू नये म्हणून येण्याजाण्याच्या वेळी मित्रमैत्रिणींनी सोबत असणे. पाठलागाच्या तारखा, वेळा आणि ठिकाणे तिच्या संमतीने वहीत टिपून ठेवणे. दुसऱ्यांदा तक्रार द्यायला ती जाईल तेव्हा तुमच्यासारख्या सज्ञान व्यक्तीने बरोबर जाणे, तक्रार लेखी देणे आणि तिची पोच मागून घेणे. खालच्या पातळीवर दाद मिळाली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करणे. हे काम कंटाळवाणे आहे, यात वेशभूषा नाही आणि त्याचा व्हिडिओही होत नाही. तक्रारी पुष्कळदा पाठपुरावा न झाल्याने पडून राहतात, आणि पाठपुराव्यासाठी तीन तरुण मुलांची चिकाटी ही खरोखर मोठी ताकद आहे.

गस्त पूर्ण थांबवावी का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण इतर पालक आणि भावंडे हे वाचत असतील म्हणून सांगतो. लोकांनी एकत्र येऊन आपल्या परिसरावर लक्ष ठेवण्यात गैर काही नाही. जपानमध्ये नागरिकांची स्वयंसेवी पथके मुले शाळेत जातायेताना रस्त्यावर उभी राहतात. पोलिसांकडून प्रमाणपत्र घेऊन गाडीवर निळा फिरता दिवा लावून गस्त घालण्याची सोयही तिथे 2004 च्या डिसेंबरपासून आहे. ही माणसे दिसावीत असाच त्यांचा हेतू असतो, ती लपून कोणाच्या मागावर जात नाहीत. तुमच्या भावाला एवढे दोन नियम पुरेसे आहेत: कोणाचाही पाठलाग करायचा नाही, आणि तिघे कुठे आहेत हे घरातल्या एका मोठ्या माणसाला ठाऊक हवे. समोर खरोखर कोणी कोणाला त्रास देताना दिसलेच, तर त्रास देणाऱ्याला भिडण्याऐवजी त्रास होणाऱ्या व्यक्तीशी जाऊन बोलावे, वेळ विचारावी, ओळख असल्यासारखे शेजारी उभे राहावे, आजूबाजूच्यांना हाक मारावी आणि मदतीसाठी फोन करावा. अनोळखी प्रौढ माणसाला रात्री तीन मुलांनी गाठणे, यात सर्वांत आधी जिवाचा धोका त्या मुलांनाच आहे.

आईवडिलांना सांगण्याबाबत तुम्ही दोनच वाटा धरल्या आहेत: गुपचूप सांगून विश्वास गमावायचा किंवा गप्प राहून विश्वास राखायचा. तिसरी वाट अशी की त्याला आधी कल्पना द्या, दोन दिवसांची मुदत द्या आणि ‘तू सांग, मी शेजारी बसते’ असे म्हणा. मुदत संपली तर मी सांगणार, हेही त्याच वेळी स्पष्ट करा. मात्र त्या माणसाने यांना ओळखले असेल, कोणाकडून धमकी आली असेल किंवा तिघांपैकी कोणी शस्त्र म्हणून काही जवळ बाळगत असेल, तर मुदतीचा विचार सोडून आजच सांगा. विश्वास पुन्हा मिळवता येतो. आईवडील प्रथम चिडतील आणि कदाचित मालिकेवर खापर फोडतील. तेव्हा तुमच्या अपराधी भावनेला खतपाणी घालू नका. ती मालिका लाखो मुले पाहतात. तुमच्या भावाला गस्तीपासून व्हिडिओपर्यंत नेले ते एका मैत्रिणीच्या दुर्लक्षित तक्रारीने.

आणखी एक गोष्ट, ज्यांनी मांगा शेवटपर्यंत वाचलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. कोइची कायम विनापरवाना राहत नाही. कथेच्या अखेरीस तो अमेरिकेत ‘स्कायक्रॉलर’ या नावाने अधिकृत नायक म्हणून काम करताना दिसतो. परीक्षा हुकली म्हणून दार कायमचे बंद झाले, असे त्याच्या बाबतीत झाले नाही. भावाला पोलीस, वकिली, समुपदेशन, आपत्कालीन वैद्यकीय सेवा यांपैकी कशाची ओढ वाटते का, हे हा गोंधळ निवळल्यावर विचारून पाहा. लगेच विचारू नका. आत्ता त्याला ते उपदेशासारखे वाटेल.

तो माणूस निर्दोष असल्याचे कळले तर दिलगिरी त्याच खात्यावरून, व्हिडिओइतक्याच ठळकपणे आणि मोठ्यांच्या व वकिलाच्या सल्ल्याने प्रसिद्ध करावी लागेल. ते लिहिताना भावाला तुमची गरज भासेल, मजकूर मात्र त्याचा त्यालाच लिहू द्या.